पारुलची जागा

सेलू, ४ ऑक्टोबर १९७१
आज पॅसेंजरने इथे आले. स्टेशनवर गावातल्या देवकाबाई बंडी जुंपून आल्या होत्या. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात पूर्व बंगालातून आलेली निर्वासित कुटुंबं राहतात. अन्न, कपडा मिळतो; मनाचं काय? म्हणून देवकाबाई आणि गावातल्या बायका दुपारी त्यांच्यासोबत शेंगा फोडत बसतात. कोणी रडलं तर रडू देतात. माझे वडील खरगपूरला रेल्वेत होते, मला बंगाली येतं. म्हणून त्यांच्याशी बोलत बसायची ही नोकरी. खोली उजेडाची आहे, खिडकीबाहेर फुटलेली कपाशी. जेवण देवकाबाईंकडे. फार आनंद वाटतो.

९ ऑक्टोबर
क्षीरोदा माझ्या वाट्याला आली. तिची धाकटी बहीण पारुल सीमेकडे येताना तापाने गेली. मागून लोंढा येत होता, नीट निरोपही देता आला नाही. दुपारी क्षीरोदा कोपऱ्यात चटई टाकते आणि पारुलशी बोलते. देवकाबाईंचं म्हणणं, बोलू द्यावं. पण माझ्याशी ती हो-नाहीपलीकडे जात नाही, आणि रिकाम्या चटईपुढे हसते! मला बहीण नाही. मेलेल्या मुलीचा हेवा वाटतो, हे इथेच लिहिते.

१५ ऑक्टोबर
आज चटईवर मीच बसले. क्षीरोदा बघत राहिली, मग फणी आणून माझे केस विंचरले. मला ‘पारुल’ अशी हाक मारली. मी नाही म्हटलं नाही. देवकाबाईंनी बाहेर गाठलं. “बाई, तुमी काऊन बसल्या तिच्या जाग्यावर? ते पोरगी आता कुठं जाईन?” त्यांनाही माझा हेवा वाटत असेल.

२० ऑक्टोबर
क्षीरोदा पोटभर जेवते, झोपते. रोज माझीच वेणी घालते. आज हळूच सांगितलं, की ‘दुसरी’ माझ्यामागे उभी राहून रडते, पण आपण तिच्याकडे बघत नाही. मला बरंच वाटलं. तेवढ्यात मागून कोणी तरी केस ओढले. क्षीरोदा माझ्या समोर होती.

२३ ऑक्टोबर
देवकाबाईंनी मला ताट वाढलं नाही. हाक मारली, वळल्या नाहीत. मग दाराकडे बघून म्हणाल्या, या बाई, बसा. मी तर आतच होते. दारात कोणी दिसलं नाही — पण त्यांनी वाढलं.

२५ ऑक्टोबर
माझं निळं लुगडं दोरीवर नाही. दुपारी ते नेसून कोणी तरी क्षीरोदाजवळ — सगळ्या तिला बाई म्हणतात. क्षीरोदा तिच्याशी किती बोलते. माझ्याशी कधी इतकं — तिच्यात असं काय आहे? चटईवरून उठता येत नाही.

तारीख कळत नाही
क्षीरोदा तिची वेणी घालते. क्षीरोदा, इकडे बघ. एकदा —
बघितलं ते निळ्या लुगड्यातलीने. माझाच चेहरा. क्षीरोदाला सांगते आहे, की आता या चटईची गरज नाही. क्षीरोदा मान हलवते. दोघी येत आहेत, गुंडाळायला. मी अजून हिच्यावर बस—