खंडेनवमीचं पिस्तूल

१६ मार्च २०१९, ईडन प्रेरी
घेतलं एकदाचं. दुकानातल्या छोट्या पिस्तुलांत सगळ्यात स्वस्त. जानेवारीत चोरांनी आमचं घर फोडलं तेव्हापासून नीट झोप नाही. मेधा म्हणाली, "इरा सात वर्षांची आहे. ते लॉकबॉक्सबाहेर दिसलं, तर मी तिला घेऊन नागपूरला जाईन." थट्टा नव्हती.

२१ जुलै
नेमबाजीच्या रेंजवर. पन्नास गोळ्यांत तीनदा अडकलं. पिस्तुलाला मनसोक्त शिव्या घातल्या. बाजूचे आजोबा म्हणाले, मनगट ढिलं सोडतोस. आवळलं, मग एकदाही नाही. लाजलो.

७ ऑक्टो.
खंडेनवमी. बाबा पाने-पक्कड पुजायचे. आम्ही लॅपटॉप, सुरी, स्क्रूड्रायव्हर, आणि यंदा हे. पूजेतलं दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. मेधा कुरकुरली. "रिकामं आहे गं. आणि वर्षातून एकच दिवस." कुंकू वाहिलं तिने, पण तोंड वाकडं करून.

१४ सप्टें. २०२५
मागच्या गल्लीत घरफोडी. सहा वर्षांत पहिल्यांदाच पिस्तूल भरून, वरची स्लाइड ओढून ठेवलं. लॉकबॉक्समध्येच. मेधाला बोललो नाही.

१ ऑक्टो.
खंडेनवमी. नऊची मीटिंग, घाई. गोळ्यांचं मॅगझिन काढलं, पिस्तूल पुसलं, पाटावर ठेवलं. मेधाने यंदा तोंड वाकडं केलं नाही. सवय झाली बहुतेक.

२ ऑक्टो., दसरा
सकाळी पाटावरचं फूल खाली पडलेलं. इराच्या बोटांना कुंकू.
"फक्त उचलून बघितलं, बाबा. इट वॉज एम्प्टी, राइट?"
मेधा दारात उभी. मी म्हणालो, "हो."
गॅरेजमध्ये जाऊन स्लाइड ओढली. टण्णकन गोळी फरशीवर. मॅगझिन काढलं तरी नळीमागच्या चेंबरमध्ये एक राहते. रेंजवर नवीन आलेल्यांना हे मीच बजावून सांगतो! रंगाच्या डब्यावर बसलो. गोळी कुडत्याच्या खिशात टाकली. संध्याकाळी पाहुण्यांना सोनं वाटलं, हसलो, श्रीखंड खाल्लं. हात सारखा खिशाकडे.

३ ऑक्टो.
इरा नाश्त्याला म्हणाली, "पुढच्या वेळी मला रेंजवर नेशील?" मेधा माझ्याकडे बघत राहिली. ऑफिसला दांडी. पोरीचं बोट नेमकं कुठे होतं, हे विचारायचीही हिंमत नाही. भित्रा आहे मी.

४ ऑक्टो.
मेधाने धुवायला कुडता मागितला. दोनदा "देतो" म्हणालो. आता खालून तिसरी हाक. "अरे, मशीन लावायचंय मला!"
कुडता घेऊन खाली जातो आहे. खिसा रिकामा केलेला नाही.