काटा बंद होता तो दिवस

प्रिय बापू,

ही चिठ्ठी आपल्या गावच्या गोरक्षनाथच्या हाती देतोय. तो गावाकडं निघालाय, तुम्ही देवळापाशी पेपर वाचत बसता तिथंच आणून देईल. फोन असताना चिठ्ठी कशाला, असं आईला वाटेल. तिला म्हणा कल्याण बरा आहे, वेळेवर जेवतो. बाकीचं आधी तुम्ही एकट्यानं वाचा.

अक्का आणि सहादेव दाजी यंदा ऊसतोडीला माझ्याच कारखान्यावर आले, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "भाऊ हापिसात हाय, आता लेकीची काळजी न्हाई." मलाही तसंच वाटलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या पाचटाच्या कोपीवर जेवायला जायचो. अक्का चुलीवर भाकरी थापायची, मी आपल्या बैलजोडीपुढं, मण्या-पोवळ्यापुढं, उसाचं वाढं टाकायचो. मण्या लगेच तोंड घालायचा. पोवळ्या मात्र माझ्याकडं बघत उभा राहायचा, मी बाजूला झालो की मग खायचा. तुमच्या हातचा बैल, दुसऱ्या कुणावर त्याचा विश्वास लवकर बसत नसे. गुडघ्यांमुळं तुमची तोड सुटली आणि ती जोडी तुम्ही अक्काच्या दावणीला बांधलीत, तेव्हा तो दोन दिवस गावाच्या रस्त्याकडं तोंड करून उभा होता, असं अक्का सांगायची.

तुम्ही लोकांना सांगता की पोरगा कारखान्याची मशीन सांभाळतो. ती मशीन काय, ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. संगणकांच्या खोलीत एक चपटी लोखंडी पेटी आहे. कारखान्यातला एक संगणक दुसऱ्याशी जे काही बोलतो ते तिच्यातून जातं. त्यात कुणी चोरून घुसतंय असं वाटलं की ती ते बोलणं तिथंच तोडते. मागच्या हंगामात बाहेरच्या कुणीतरी आमचे सगळे संगणक कुलूपबंद केले होते, म्हणून ती घेतली. चोर कसे दिसतात, याच्या नव्या खुणा पुण्याची कंपनी तिला वरचेवर पाठवत असते.

गेल्या आठवड्यात अशाच नव्या खुणा आल्या आणि सकाळपासून उसाच्या गाड्यांचा वजनकाटा बंद पडला. गाडी काट्यावर चढायची, वजन समोर दिसायचं, पण ते आत नोंदलं जायचं नाही. मी आधी वायरी बघितल्या, मग काट्याचा संगणक. सगळं धड होतं. शेवटी पेटीचा पडदा उघडला तर त्यावर लाल ओळींची रीघ लागलेली. आमच्या काट्याचा प्रोग्राम जुना, त्याची बोलायची पद्धतही जुनी. नव्या खुणांप्रमाणं पेटीला तो चोर वाटत होता.

दुखणं सापडलं, पण औषध माझ्या हातात नव्हतं, बापू. त्या खुणा मागं घ्यायच्या तर कंपनीचा पासवर्ड लागतो. पेटी बंद करून बघितली, तर ती बंद झाली की सगळंच बंद होईल अशी तिची मांडणी केलेली. पेटीला वगळून वायर सरळ जोडली असती तर काटा लगेच चालला असता. मी मोठ्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "कल्याण, गेल्या साली काय झालं ते तू पाहिलंस. पेटीला हात लावायचा नाही." हातानं पावत्या करू का, असं विचारलं. वजनावरून मागं भांडणं झाली होती, म्हणून त्यालाही मनाई. साहेब वाईट नाहीत. त्यांच्या जागी मीही कदाचित हेच म्हणालो असतो.

कंपनीत करण नावाचा मुलगा फोनवर होता. चांगला बोलायचा. "सर, वरच्या टीमकडं दिलंय, दहा मिनिटं." परत फोन केला की परत दहा मिनिटं. मी खिडकीतून बघत होतो. बैलांच्या टायरगाड्यांची रांग फाटकाच्या बाहेर डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. उन्हाचा कडाका होता. आपली गाडी पुढंच होती, काट्याच्या चढावर. दाजी खिडकीशी आले आणि म्हणाले, "पाव्हणं, बैल सोडू का? पानी दावून आनतो." करणनं सांगितलं होतं तेच मी सांगितलं, की आता होईलच. चढावर भरली गाडी सोडायची म्हणजे पुढचा नंबरही जाणार. दाजींनी चाकामागं दगड लावले आणि बैल जुंपलेलेच ठेवले. दुपारी अक्का आली. खिडकीच्या जाळीला धरून आतल्या पेटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एवढीशी तर हाय." आणि बादली घेऊन गेली. दोन्ही बैलांच्या तोंडाला तिनं पाणी लावलं. मण्या प्यायला. पोवळ्यानं मान फिरवली.

उन्हं कलली तेव्हा पुण्याहून कुणीतरी खुणा मागं घेतल्या आणि काटा सुरू झाला. माझं त्यात काहीच नव्हतं. रांगेत एकदम हाकाटी झाली, मागच्या गाड्या पुढं रेटू लागल्या. दाजींनी दगड काढून बैलांना हाक दिली. मण्यानं जोर लावला. पोवळ्या गुडघ्यावर आला, उठला आणि परत बसला. गाडी मागं सरकली. माणसं धावली, मीही धावलो. जू कापून त्याला मोकळा केला, पण पुढचा पाय मोडला होता. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी हात लावून बघितलं, दाजींना बाजूला नेलं आणि मग परत येऊन शेवटची सुई दिली. अक्का त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तो गेल्याचं तिला कळलं, तरी ती उठली नाही.

परवा तुमचा फोन आला. तुम्ही विचारलंत, "बैलं कशी हायत रं?" आणि मी "बरी आहेत" म्हणालो. मग तुम्ही म्हणालात की गुरुवारच्या एसटीनं येतो, पोवळ्याला बघून लई दिस झाले. तुम्ही फाटकापाशी उतराल आणि दावणीला एकच बैल दिसेल, म्हणून ही चिठ्ठी. येऊ नका असं म्हणत नाही. या. मण्या वाढ्याला तोंड लावत नाही, अक्काचं नाही, दाजींचं नाही, माझंही नाही. तुमच्या हातून कदाचित खाईल. अक्काला काही विचारू नका, नुसते तिच्याजवळ बसा. मला ते जमत नाही.

तुमचाच,
कल्याण