पाटीलवाडीच्या हजेरीसाठी अर्धा तास

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
नगर उद्यान कार्यालय,
भाईंदर (पश्चिम)

विषय : श्रीमती उर्मिला पाटील, सफाई कामगार, यांना रविवार, दि. १७ डिसेंबर २००६ रोजी सकाळी अर्धा तास मोकळीक मिळणेबाबत.

संदर्भ : ‘कामाच्या वेळेत खासगी कार्यक्रमास कर्मचारी देता येत नाही’ हे आपले दि. २० नोव्हेंबरचे पत्र.

महोदय,

१. गेल्या डिसेंबरात मुर्ध्याच्या तलावाकाठच्या बागेत अर्जदाराने वहीतून ‘पाटीलवाडी’ हे नाव पुकारले आणि कोणीच बोलले नाही. दहा पावलांवर उर्मिलाबाई झाडत होत्या; त्यांचा झाडू थांबला. मग झाडू पुन्हा सुरू झाला. साष्टी उद्यान-इतिहास मंडळाचा अकरावा वार्षिक मेळावा तेथेच संपला. उपस्थितीच्या रकान्यात एकच सही आहे, ती अर्जदाराची.

२. मंडळाचा रिवाज आपणांस ठाऊक असण्याचे कारण नाही. मेळाव्यात भाषणे नसतात. विकलेल्या, बुजवलेल्या, इमारतींखाली गेलेल्या बागायती वाड्यांची नावे एकेक करून पुकारली जातात. त्या वाडीच्या विहिरीचे पाणी प्यायलेल्या माणसाने ‘हाय’, म्हणजे ‘आहे’, म्हणायचे. सलग तीन मेळाव्यांत ‘हाय’ आले नाही, तर नावावर तांबडी रेघ. वहीत एकसष्ट वाड्या होत्या. साठांवर रेघ आहे.

३. उरली पाटीलवाडी. तिच्यासाठी उर्मिलाबाईंचे थोरले बंधू ईश्वर पाटील दरवर्षी उत्तर देत. इतके मोठ्याने की तलावावरचे बगळे उडत. ते २००४च्या उन्हाळ्यात वारले. त्यानंतरच्या दोन्ही मेळाव्यांत त्या नावानंतर काहीच ऐकू आले नाही. येता मेळावा तिसरा. त्या विहिरीचे पाणी प्यायलेले आता एकच माणूस उरले आहे आणि ते नेमके त्या वेळी आपल्या हजेरीपटावर असते.

४. अर्जदार स्वतः उत्तर देऊ शकत नाही. तो गिरगावातील दोन खोल्यांत वाढला, १९९३ साली येथील सिल्व्हर पार्क वसाहतीत राहावयास आला. या वाड्या त्याने केवळ ऐकल्या आहेत. दुसऱ्याच्या तहानेची साक्ष त्याने देणे खोटे ठरेल.

५. अर्धा तास शक्य नसल्यास पाच मिनिटे द्यावीत. तेही नियमात बसत नसल्यास बाईंना झाडता झाडता एक शब्द उच्चारण्याची लेखी मुभा असावी. त्यास एका श्वासाहून कमी वेळ लागतो. तेवढ्यात जी पाने पडतील ती अर्जदार स्वतः उचलील. त्याचे वय चौसष्ट असले तरी कंबर अद्याप धड आहे.

आपल्या दोन ओळींच्या उत्तराची वाट पाहणारा,
महिपत यशवंत नाचणकर
कार्यवाह, साष्टी उद्यान-इतिहास मंडळ
दि. ४ डिसेंबर २००६

सोबत : वहीच्या शेवटच्या पानाची छायाप्रत.

ता. क. – अर्ज पाकिटात घालण्यापूर्वी बाईंची संमती घ्यावी म्हणून अर्जदार आज सकाळी बागेत गेला, हे प्रामाणिकपणे नमूद करणे आवश्यक वाटते. “साहेब, तिथं आता पार्किंग हाय,” त्या हसल्या. “पन म्हनीन मी. दादासाठी म्हनीन.” मग झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकून त्यांनी विचारले, “आनि तुमी गेल्यावर? तुमचं नाव कोन पुकारनार, नि हाय कोन म्हननार?” अर्जदाराने वही काखेत धरली आणि तो फाटकाबाहेर पडला.