कळवणचा फोन येईपर्यंत

१६ मे, शनिवार
उद्यापासून अधिक महिना. तीन वर्षांनी एकदा येतो, आणि त्यात जावयाला सासरी बोलावून धोंड्याचं जेवण घालतात, वाण देतात. मागच्या अधिकात कळवणला मला टॉवेल-टोपी मिळाली. मेहुणा राकेश म्हणाला होता, दाजी, यंदा कांद्याने मारलं, पुढच्या अधिकात अंगठी नक्की. मी विसरलेलो नाही.
ऑफिसात महिनाभराची रजा टाकली. बोलावणं कधीही येऊ शकतं. संकल्प: आपण होऊन फोन करायचा नाही.

१७ मे, रविवार
सायखेड्याला सुवर्णाच्या मावशीकडे आमरस. सासरकडची माणसं, म्हणून बेतानेच जेवलो. चार वाट्या.
वेदिका एकटीच आली. फेब्रुवारीत लग्न झालं पोरीचं, पण रोहितराव आले नाहीत. आजकालच्या मुलांना नातेवाईक नकोत. वेदिकाने हळूच विचारलं, पप्पा, अधिक लागला ना आजपासून? म्हटलं, हो बेटा, फोनचीच वाट बघतोय. म्हणाली, मी पण. पोरीला बापाच्या मानाची किती काळजी.

२१ मे, दुपारी
कूलरचा पंप स्वतः बदलला. मेकॅनिक लागत नाही, डोकं लागतं.

संध्याकाळी
पंप चालतो. पाणी बाहेर येतं. गादी भिजली आणि शेजारी पसरलेल्या कुरडयाही. सुवर्णा म्हणाली, वर्षभराच्या होत्या. पाइप उलटा बसूच शकतो अशी सोय कंपनीने ठेवलीच का?
कोरडी चादर काढताना कपाटात शर्ट-पँटचं कापड दिसलं. आकाशी. शेजारी चांदीचा दिवा. कळवणवाल्यांनी गुपचूप सुवर्णाकडे पोचवलेलं दिसतंय. न पाहिल्यासारखं केलं. आकाशी रंग मला खुलतो.

२४ मे, रविवार
सुवर्णा आणि रविवारपुरत्या माहेरी आलेल्या वेदिकाला नांदूरमध्यमेश्वरला पक्षी दाखवायला नेलं. पोचेपर्यंत एक वाजला. पक्षी नाहीत. तिथला वॉचमन म्हणाला, साहेब, ते थंडीत येत्यात, या दिवसांत कोणीच येत नाय. रेंजही नव्हती. नेमका फोन आला तर, म्हणून लगेच परत फिरलो. डबा गाडीतच खाल्ला.
वाटेत सुवर्णाने सुरू केलं, अहो, बोलावण्याचं तेवढं बघा, माणसं वाट बघतात. मी तिथेच थांबवलं. मी फोन करणार नाही, मान मागून घ्यायचा नसतो. ती म्हणाली, पण मी काय म्हणते... मी रेडिओ लावला. मागच्या सीटवर वेदिका खिडकीबाहेर बघत होती. पक्षी दिसले नाहीत म्हणून नाराज असणार.

३१ मे, रविवार
अर्धा अधिक संपला. फोन नाही. अंगठीचं बोट रोज रिकामं दिसतं. सुवर्णा पुन्हा बोलावण्याचं काढून बसली, मी हात जोडून उठलो. निषेध म्हणून कळवणच्या फॅमिली ग्रुपमधून बाहेर पडलो.

१ जून, सोमवार
ग्रुप सोडल्याचं कोणाच्याच लक्षात आलेलं नाही. एवढी वर्षं सणावाराला धावत गेलो त्यांच्याकडे. माणसं अशी उलटतात.

७ जून, रविवार
मेहुण्याच्या तब्येतीची चौकशी करणं म्हणजे संकल्प मोडणं नव्हे. राकेशला फोन केला. तो म्हणाला, दाजी, आम्ही तर तुमचीच वाट बघून राहिलो. आई रोज विचारते, नव्या जावयाला बोलावलं का नाही? पहिला अधिक हाय त्याचा. तुमच्याकडचं झालं की तुम्हा सगळ्यांना इकडं बोलवू.
नवा जावई. म्हणजे रोहित. म्हणजे मी सासरा.
हे मला कोणीही सांगितलं नाही. घरचीच माणसं असा दगा देतात. सुवर्णा म्हणाली, गाडीत तेच सांगत होते. मग मीच केला फोन, तर विहीणबाई म्हणाल्या, सासऱ्यांनी स्वतः बोलावल्याशिवाय आमचा मुलगा यायचा नाही. म्हणून पुन्हा सांगायला आले, तर तुम्ही हात जोडून उठून गेलात. कपाटातलं कापडही रोहितचंच. म्हणाली, तुम्हाला आकाशी कधी चांगला दिसला?
लगेच रोहितला फोन केला. घाबरतच म्हणाला, पप्पा, मला वाटलं, मी तुम्हाला पसंत नाही. असा हट्टी मुलगा. स्वतः एक फोन करायला काय झालं होतं?

१४ जून, रविवार
उद्या अधिक संपतो. त्याआधी एकदाचं पार पडलं. रोहित, वेदिका आणि विहीणबाई आले. मी लेक-जावयाचे पाय धुतले. टाकीचं पाणी उन्हाने तापलेलं, रोहितने पाय मागे घेतला, मग हळूच परत पुढे केला. दिवा दिला. तेहतीस अनारसे दिले. आकाशी शर्ट त्याला बरा दिसतो.
राकेशचा मेसेज आला. दाजी, आता एका दिवसात काय होणार, पुढच्या अधिकात अंगठी नक्की.
निघताना विहीणबाईंनी विचारलंच, एवढा उशीर का झाला बोलवायला? महिनाभर त्यांनी वेदिकाला रोज विचारलं होतं, माहेरून फोन आला का, हे मला आज कळलं. मी तोंड उघडायच्या आत वेदिका म्हणाली, आई, सांगितलं ना तुम्हाला, पप्पांना रजाच मिळत नव्हती.
माझ्याकडे न बघता म्हणाली. मी मान हलवली. म्हटलं, हो ना, फार काम होतं.
उद्या रजा संपते.