खोटा तारा

३ नोव्हेंबर १९५८, अकोला
हिवरखेडहून सकाळच्या मोटारीने आलो. वामनराव मास्तरांनी जठारपेठेतल्या घरात माडीवरची खोली दिली. हवेशीर आहे. मी मॅट्रिक नापास, म्हणून कामावर घेतील की नाही अशी धाकधूक होती. पण त्यांनी फक्त माझे अक्षर पाहिले आणि डोळे तपासले. मुलासारखा राहा, म्हणाले.

५ नोव्हेंबर
काम समजले. मास्तरांनी स्वतः काच घासून दुर्बिणीचा आरसा केला आहे. दुपारी खोलीत अंधार करायचा. दिव्यापुढच्या पत्र्याला सुईएवढे भोक आहे, तो आमचा खोटा तारा. उजव्या डोळ्याने तो आरशात पाहायचा, फिकटापासून गडद होत जाणारी, कडेला आकडे असलेली काळी काच पुढे सरकवायची आणि तारा दिसेनासा होईल तो आकडा लिहायचा. आरसा असा पारखला की खऱ्या ताऱ्यांचा उजेड बिनचूक मोजता येतो. आज चाळीस.

९ नोव्हेंबर
एकतीस. दिवा तोच, काच तीच. भीतभीत सांगितले. मास्तर हसले. काहून भेतं बापू, म्हणाले, आरसा सुधरून राहिला. काल त्यांना पूर्वी कधी न दिसलेले बारीक तारे दिसले म्हणे.

१२ नोव्हेंबर
अठरा. आज चुकून डावा डोळा लावला. तारा थेट चाळिसापर्यंत दिसला. म्हणजे दिवा मंदावलेला नाही. माझा उजवा डोळा —
काम सोडतो म्हणालो. आठवडा पुरा कर, मग अमरावतीच्या डॉक्टरांकडे मी स्वतः नेतो, असे मास्तर म्हणाले. बरे वाटले.

१४ नोव्हेंबर
सात. मागच्या खोलीत देवमन सापडला. माझ्या आधी हे काम तो करी. डोळे शाबूत, पण समोर हात हलवला तर पापणी लवली नाही. आरसा नजर ओढून घेतो आणि मास्तरांना ते पहिल्यापासून ठाऊक आहे, असे तो म्हणाला. मलेबी पोरासारखाच म्हनत, असे म्हणून हसला.
उद्या दुपारी मास्तर झोपले की निघायचे. मी त्याचा हात धरणार. बाहेरच्या दाराला सदा कुलूप असते, त्याची किल्ली तो आणणार.

१५ नोव्हेंबर, दुपार
उजव्याने काहीच नाही. किल्ली मास्तरांच्या हातात — देवमननेच दिली. तुहा डावा भेटला तं माहा एक वापस देतो म्हनले, माफ कर भाऊ, असे दारातून सांगत होता. मी माडीवर पळालो. कडी लावली.
खिडकीला गज.
जिन्यावर दोघे. देवमन पुढे. भेऊ नको, आरशापुढं डोकं मी धरतो, म्हणतो —
कडीचा एक खिळा निघाला. डावा डोळा गच्च मिटला आहे. तसेच लिहितो आहे, ओळ सरळ येते की