मोंबासाला दोन शिक्षिका हव्यात

परभणी,
ता. २१ जानेवारी १९३८

प्रिय सुमनबाई यांस,

चतुराबाईचा नमस्कार. इथे सगळे बरे आहेत, माझे गुडघे सोडून. पण नोकरी संपून मी वजीफ्यावर बसल्यापासून माझे गुडघेही सरकारी राहिले नाहीत, तेव्हा त्यांची चौकशी कोणी करत नाही. तुमच्या लेकाला, बन्सीधरला, आशीर्वाद सांगा. बिचारा बायकोच्या माघारी दुकान आणि घर दोन्ही ओढतो आहे. तान्ह्या नातीला पापा. तुमचं कार्ड मंगळवारी पोचलं. त्याचं उत्तर देतेच आहे, पण आधी इकडचं सांगते.

मोंबासासाठीचा पासपोर्ट हैदराबादहून एकदाचा आला. त्यातला फोटो पाहिलात तर ओळखणार नाही. इथल्या फोटोवाल्याने मला पडद्यावर रंगवलेल्या कारंज्यापुढे बसवलं आणि हातात कागदी गुलाब दिला. म्हटलं, "मी शिकवायला चालले आहे, नवरी होऊन नाही." तर म्हणतो, "गुलाब सब के हाथ में अच्छा दिसता, बाईसाब." गुलाब खाली ठेवला, आणि त्याच रागात फोटो निघाला. मोंबासाच्या मुली तो चेहरा पाहून पहिल्याच दिवशी शाळा सोडतील.

शाळेतल्या माझ्या निरोपाचं तुम्हाला लिहायचं राहून गेलं. तुम्ही दसऱ्याला पालमला गेलात आणि तो त्यानंतर झाला. शाळाखात्याचे साहेब नवे, भाषण उर्दूत, हार झेंडूचा. साहेबांनी माझ्या कशिदाकामाची अर्धा तास तारीफ केली. माझ्या! मला साधी गुंडी लावता येत नाही, ती इतकी वर्षं तुम्ही लावलीत. मी उठून सांगितलं, "जनाब, कशिदा सुमनबाईंचा. मी इंग्रजी शिकवलं." ते हसले आणि म्हणाले, "एक ही बात है." सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांच्या छड्या खाऊन जी भाषा मी मिळवली, जी इथल्या मुलींच्या तोंडात घालताना माझा घसा गेला, ती उशीच्या अभ्र्याच्या बरोबरीची निघाली. अभ्रे वाईट असं मी म्हणत नाही. उगाच रुसू नका.

बोलण्याची सवय जाऊ नये म्हणून मी रोज दुपारी मागच्या खोलीत इंग्रजीचा पाठ म्हणते. खोलीत कोणी नसतं, म्हणून भिंतीकडे तोंड करून म्हणते. परवा आमच्या दिनकररावांची तानुबाई दारात येऊन उभी राहिली.

"वन्सं, तुमी भिंतीला काय सांगायलाव?"

"इंग्रजी."

"भिंतीला काय कळतंय त्यातलं?"

"तुमच्याइतकंच."

"मंग मलाच सांगा की. मी निदान हूं तरी म्हनते."

तेव्हापासून ती मेथी निवडत समोर बसते आणि प्रत्येक वाक्याला हूं म्हणते. आळीतल्या बायका तिला विचारतात, तुझी नणंद बाटणार का गं. ती म्हणते, "बाटंल न्हाईतर काय बी करंल, पन जेवायला येळेवर येती." भावजय म्हणून मी तिला फार कमी लेखलं, एवढं कबूल करते.

ट्रंक भरायला घेतली आहे. चार लुगडी ठेवते, दोन काढते. तिकडे उकडतं म्हणे, मग शाल कशाला, असं वाटून शाल काढते; बोटीवर वारा लागेल म्हणून पुन्हा ठेवते. एवढ्यानेच दमून पलंगावर बसते. पूर्वी आपल्या एका बिऱ्हाडात परीक्षेचे पेपर तपासून रात्री तुमच्याशी भांडायची ताकद उरत असे.

आता कार्डाचं.

मंगळवारी मी कापडाच्या दुकानातून परत आले, तर सगळी ओसरी ओली. तानुबाईचे केस ओले. दिनकरराव ओल्या पंचावर कुडकुडत उभे. पाण्याचे हंडे उपडे. मी आत जायला लागले तर तानुबाई आडवी आली. "वन्सं, आदी बसा. पालमचं कार्ड आलंय. कोपरा फाटलेला हाय."

बाहेर तुळशीपलीकडच्या कुंपणात ते खोचलेलं होतं. फाटल्या कोपऱ्याचं, म्हणजे कोणी गेल्याचं कार्ड घरात कसं आणणार? दिनकररावांना वाचता येतं, पण तानुबाईने त्यांना वाचू न देता आधी मोरीत ढकललं होतं. मी म्हटलं, अहो, सुमनबाई आपल्या नात्याच्या ना गोत्याच्या, तुम्हाला कसलं सुतक? तर म्हणाली, "माज्या हातचं जेवल्यात त्या. आपलंच मानूस."

मी जाऊन कार्ड काढलं. पत्त्याची बाजू वर होती. पत्ता बन्सीधरच्या अक्षरात. एरवी पत्ता तुम्ही स्वतः घालता. चष्मा माझ्या नाकावर होता, ऊन लख्ख होतं, आणि परभणीतल्या निम्म्या लेकींना वाचायला शिकवलेल्या बाईने ते कार्ड उलटलं नाही. हातात धरून पायरीवर बसून राहिले.

पहिला विचार आला की ही बाई कधी आजारी पडल्याचंसुद्धा बोलत नाही, अशीच न सांगता जाणार. मग वाटलं, हे आता कोणाला तरी सांगायला हवं. जिला सांगितलं म्हणजे पुरे होईल अशी एकच बाई आठवली, आणि ती तुम्हीच. मोंबासा कुठच्या कुठे गेलं. ट्रंक रिकामी करावी आणि तिच्यात कोणी धान्य भरलं तरी चालेल, असं झालं.

शेवटी दिनकररावांनी माझ्या हातून कार्ड घेतलं आणि दात वाजवत मोठ्याने वाचलं: नातीला पहिला दात आला आहे, तिने कार्डाचा कोपरा चावून गिळला, दुसरं कार्ड घरात नाही, तिला धरून बसले आहे म्हणून पत्ता बन्सीधरने घातला, राग मानू नये.

तानुबाई आधी रडली नव्हती ती आता रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "एवढ्या गारठ्यात आंगूळ फुकट गेली! त्या पोरीला म्हनावं, दुसरा दात तरी भाकरीवर मार."

बाकीचं कार्ड मी नंतर एकटीने वाचलं. तुम्ही मोंबासाला येत नाही. आईवेगळी पोर टाकून कशी येणार? हे मला कार्ड येण्याआधीही समजायला हवं होतं. पण खाली तुम्ही लिहिलंत, "शाळा दोघींशिवाय घेत नाही, म्हणजे माझ्यापायी तुमचं अडलं, या विचाराने घास गोड लागत नाही." ते वाचून तीन दिवस झाले. हे पत्र तीनदा सुरू केलं आणि तीनदा फोटोवाल्यापाशी थांबले.

सुमनबाई, मोंबासाच्या शाळेने दोन शिक्षिका मागितलेल्याच नाहीत. त्यांना एक हवी होती, इंग्रजीसाठी. एकट्या बाईला ठेवून घेत नाहीत, हे मी रचलं. मला तुम्ही बरोबर हव्या होता, आणि तसं सरळ लिहायला माझा हात धजला नाही, म्हणून ते शाळेच्या तोंडी घातलं. मग तुमची जागा करून घ्या म्हणून त्यांच्यामागे लागले. त्यांनी फार नम्रपणे कळवलं की जागा नाही. तरी मी तुम्हाला बोलावतच राहिले, पुढचं पुढे पाहू म्हणून. तुम्ही माझ्या कीवेने पोरीला सोडून निघाला असता तर काय झालं असतं, हा विचार पायरीवर बसेपर्यंत माझ्या डोक्यात आला नव्हता. आता रागवायचं तेवढं रागवा. पण जेवा. तुमच्यामुळे माझं काही अडलेलं नाही.

मी काही हौसेने चाललेले नाही. या घरात मला सगळे सांभाळतात आणि कोणी काही विचारत नाही. तिकडे निदान एखादी मुलगी हात वर करून विचारेल, आणि मला उत्तर येत असेल. एवढ्यासाठी समुद्र ओलांडते आहे. लोकांना यापेक्षा मोठं कारण हवं असतं, म्हणून त्यांना काही सांगत नाही.

गाडी चार फेब्रुवारीला सकाळी, मनमाडची. बन्सीधर म्हणेल, आई, गंगाखेडपर्यंत बैलगाडीने नेतो, तिथून आगगाडीने परभणी काही लांब नाही. त्याला हो म्हणू नका. तानुबाई रडेल, दिनकरराव सामानावर ओरडतील, तेवढं मी निभावून नेईन. तुम्ही फलाटावर दिसलात तर मी ट्रंक उतरवून घेईन, आणि ती दुसऱ्यांदा भरण्याचं बळ आता माझ्यात नाही.

तेव्हा येऊ नका. त्या दिवशी पोरीला मांडीवर घेऊन उन्हात बसा.

एका चुलीवर तुमच्याबरोबर जेवलेली,
चतुरा