मेलेल्या गिटारवाल्याचं गाणं

तोमोहारू, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे.

मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे? सफरचंदं उतरवायला माणसं मिळाली का?

तू विचारलंस, तुमचा बँड टोकियोत कुणाला आठवतो का. आठवतो की! दर शनिवारी पाच-सहा टकले माझ्या दुकानात भाजलेली कोंबडी चघळत कुठलं गाणं भारी यावर भांडतात. पहिला नंबर शेवटी तुझ्या ‘बर्फाच्या गाडी’लाच. मधेच गिटार थांबते ना, ती शांतता म्हणे फार खोल! तिथे डोळे मिटतात गाढवं. तिथे तुझी तार तुटली होती.

आणि वर मेलेल्या गिटारवाल्यासाठी म्हणून एक पेला भरून ठेवतात. मी ओरडले, "अरे, तो माझा भाऊ आहे! जिवंत आहे, गावी बाग सांभाळतोय!"

तर एक म्हणतो, "मावशी, काहीतरीच सांगू नकोस. मेला म्हणून तर त्या शांततेला अर्थ आहे."

तो पेला मीच मोरीत ओतते. तुझ्या नावाचा तसला पेला रात्रभर ठेवायचा नाही मला.

नोव्हेंबरात वाजवायला येऊ का म्हणतोस. त्या अकलेच्या कांद्यांसाठी मुळीच येऊ नकोस. पण ये. तुला पाहून सात वर्षं झाली.

तुझी ताई,
किनुए